होडीच्या गाड्याचे टायर

आमच्या दुष्काळी कर्जत तालुक्यात होडीसाठी टायर शोधत फिरणारा माणूस म्हणजे हसायला आयतं गिऱ्हाईक. उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो आणि हा होडी घेऊन कुठं निघाला, असं कुणीही विचारेल. पण तालुक्याच्या दक्षिण टोकाला धरणाच्या फुगवट्याचं पाणी आहे आणि त्याच्या काठावर माझी सासुरवाडी. सासरे भोई, उभा जन्म मासे धरण्यात गेला. धरण उतरायला लागलं की पाणी वस्तीपासून लांब सरकत जातं आणि मागं नुसता गाळ उरतो. मग होडीलाही पाण्याच्या मागं जावं लागतं. त्यासाठी सासऱ्यांनी जुन्या मोटारीच्या एक्सलवर लोखंडी सांगाडा बसवून दोन चाकांचा गाडा करून घेतला आहे. होडी त्यावर चढवायची आणि जीपच्या मागं जोडून पाण्यापर्यंत ओढत न्यायची. यंदा त्याच्या एका टायरचे आतले धागे दिसायला लागले आणि दुसऱ्याला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या.

जीप माझी. मी मिरजगावात राहतो, तिथंच कॉलेजात शिकवतो. कुणाचीही जयंती असली की माईक माझ्या हातात येतो. समतेवर मी कागद न बघता बोलतो आणि टाळ्याही पडतात. आमचा प्रेमविवाह. माझ्या घरचं कुणीही लग्नाला आलं नव्हतं, याचं भांडवल मी पुढं भाषणांतून पुष्कळ केलं. मात्र मिरजगावात कुणी बायकोचं माहेर विचारलं तर मी ‘तिकडं, धरणाकडं’ एवढंच सांगतो. धरणाकडं ऊसवाले बागायतदारही राहतात. ऐकणारा त्याला हवं ते समजून घेतो आणि मी समजू देतो.

टायर आणायचं ठरलं तेव्हा बायको माहेरीच होती. मी गाडा जीपला जोडत असताना ती जवळ येऊन म्हणाली, “नानांना घेऊन जा. त्यांना विचारल्याशिवाय काही घेऊ नका. आणि दुकानात ओळख करून द्या त्यांची. इतकी वर्षं झाली, तुमच्याबरोबर गावात असे कधी गेलेच नाहीत ते.”

नाना म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं धोतर काढलं होतं आणि टोपी तर इतकी पांढरी की लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. वाटेत त्यांनी मला टायर समजावले. “रुंद बगा, पाव्हणं. अरुंद टायर गाळात सुरी घातल्यागत आत जातं. मग होडी तिथंच ऱ्हाती आन आमी चिखलात.” मिरजगाव जवळ आलं तसं म्हणाले, “तुमचं कालेज लांबूनच दावा मला.” मी फाटकापाशी जीप हळू केली. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि फाटकाला हात जोडले.

टायरचं दुकान हमरस्त्यावर. दुकानदाराची मुलगी माझी विद्यार्थिनी. ट्रॅक्टरच्या चाकासाठी खोळंबलेली दोन-तीन बडी मंडळी तिथं गप्पा मारत बसली होती. “सर आले, सर आले! खुर्ची द्या सरांना,” म्हणत दुकानदार उठला. खुर्ची आली, मी बसलो. सासरे गाड्यापाशी उभे राहिले. ‘मामा, इकडं या’ असं म्हणायचं होतं मला. म्हणजे तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात दुकानदार गाड्याभोवती फिरून आला.

“सर, ही मधी बाकदार लाकडं कशापायी ठोकलीत?”

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती लाकडं होडीच्या पोटाला टेका म्हणून बसवलेली होती.

“पाण्याची टाकी ठेवतो,” मी म्हणालो. “आडवी टाकी. टँकरचा काय भरवसा!”

इतकं सहज आलं ते तोंडातून की मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. एक खोटं झाकायला दुसरं लागतं, म्हणून मग मी टाकी किती मोठी आहे, कुठून भरून आणतो, हेही सांगून टाकलं. सासरे चाकाचे नट सैल करत होते. त्यांचा पाना थांबला, मग पुन्हा फिरायला लागला.

“मग सोपं हाय,” दुकानदार म्हणाला. “टाकीचं वजन लई. जादा वजन पेलणारी अरुंद टायरं घ्या, डांबरीवर हलकी पळत्यात.” रुंद टायर समोरच रचलेले होते. पण टाकीला रुंद टायर कशाला, असं त्यानं विचारलं असतं, आणि सांगायला माझ्याकडं काही नव्हतं. मी अरुंद टायर घ्यायला मान डोलावली.

बसलेल्यांपैकी एकानं नाक वर करून वास घेतला. “सर, तुमच्या टाकीला मासळीचा वास येतोय की! पाण्यासंगं मासं बी आनता व्हय?”

हशा पिकला. हे माझे सासरे आहेत, हा गाडा त्यांच्या होडीचा आहे, एवढंच सांगायचं होतं. वर्गात पोरांना दटावून शिकवतो तेच, चारचौघांत. मी टायरवरची नक्षी बघत राहिलो.

सासरे पाना खाली ठेवून पुढं आले.

“त्यो माझा वास हाय, सायेब. म्या गडी हाय सरांचा. म्या मासं धरतो, कापडाला वास ऱ्हातो त्येचा. सरांच्या गाडीला लागला जनू.”

असं म्हणून ते दोन पावलं मागं सरकले, वास आमच्यापर्यंत येऊ नये म्हणून. त्यांच्या धोतराला साबणाशिवाय कसलाही वास नव्हता.

“आसं व्हय,” तो माणूस म्हणाला आणि गप्पा पुन्हा कांद्याच्या भावावर गेल्या. मी अजूनही बोलू शकलो असतो. मी दुकानदाराला विचारलं, “हे टायर टिकतील ना हो चांगले?”

चहा आला. मला कपबशीत, त्यांना कागदी पेल्यात. ते एका जुन्या टायरवर बसून प्याले. चाकं बसवून झाल्यावर त्यांनी मला हाक मारली ती “मालक, जीप जरा म्होरं घ्या” अशी. मी जीप पुढं घेतली. त्या दुकानात मी त्यांना एकदाही मामा म्हणालो नाही.

आम्ही परत निघालो. कॉलेज मागं पडलं, तेव्हा त्यांनी बाहेर पाहिलं नाही.

“मामा,” मी शेवटी म्हणालो, “हे टायर गाळात रुततील.”

“रुतू द्या. फळ्या टाकू खाली.”

“मामा, दुकानात मी…”

“ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. तुमचं गावात नाव हाय, लोकं मान देत्यात. आमच्यापायी त्याला कशाला धक्का लावायचा?” मग ते म्हणाले, “पोरीला तेवढं सांगू नका. तिला वाटतं, तुमी आमाला चारचौघांत बी आपलं म्हनता. तसंच ऱ्हाऊ द्या तिला.”

खरं सांगायचं तर ते ऐकून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायला पुढचं गाव यावं लागलं. आणि त्या लाजेनंही काही केलं नाही. जीप वळवून परत दुकानात जाता आलं असतं, रस्ता मोकळा होता.

घरी बायको दारातच उभी होती. टायरकडं तिनं पाहिलंही नाही. “ओळख करून दिली का नानांची?” असं तिनं मला विचारलं. मी हातपाय धुवायच्या निमित्तानं रांजणाकडं वळलो.

“दिली तर!” मागून सासरे म्हणाले. “सरांचं सासरं म्हनून लई मान दिला लोकांनी. च्या पाजला.”

जेवताना तिनं मला आग्रह करून वाढलं. सासरे समोरच बसले होते, पण त्यांनी मान वर केली नाही. भाकरी ताटात ठेवताना ती वाकली आणि त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली, “बरं केलंत हो.”

मी तिला ‘हो’ म्हणालो.