चढावर अडकणारा गिअर

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे भिंगरी म्हणत. जेवतानासुद्धा त्याचा एक पाय हलत असे. पण त्या सकाळी त्याच्या थोरल्या बहिणीने गाडीची किल्ली टेबलावर आपटली, तेव्हा तो जागच्या जागी थिजला.

बहीण सुईण होती. "काल मागच्या सीटवर एक बाई कळा देत होती आणि गाडी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अडकली," ती म्हणाली. "मुंगीच्या पावलाने गेलो. बाळ दवाखान्याच्या दारातच झालं. तू तर नीट केली म्हणाला होतास!"

"दोघं बरी आहेत ना?"

"आहेत. नशीब."

तीन आठवड्यांपूर्वी त्यानेच या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी तेलाची झडप, बदलला होता. आता बिघाड दाखवणारा स्कॅनर पुन्हा त्याच झडपेकडे बोट दाखवत होता. त्याने मीटरने झडप मोजली, ठीक. वायर मोजली, ठीक. कनेक्टर उघडून पाहिला, स्वच्छ. तो गाडीभोवती फेऱ्या मारू लागला. हात पुसायचा, पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घालायचा.

"ताई, सपाटीवर कधी अडकली?"

"कधीच नाही."

मग उभ्या गाडीत मोजून काय कपाळ सापडणार? त्याने दोन छोटे दिवे डॅशबोर्डला चिकटवले. एक गिअरबॉक्सच्या कंप्यूटरमधून वायर निघते तिथे जोडला, दुसरा ती झडपेपाशी पोचते तिथे. बहीण चालवायला बसली. चढावर दुसरा दिवा विझला. पहिला मात्र अजून जळत होता. पुढच्याच क्षणी गिअर अडकला.

"कंप्यूटर वीज पाठवतोय, झडपेला पोचत नाहीये! वायर मध्येच तुटलीय."

गॅरेजमध्ये परतल्यावर त्याने चाकांना अडसर लावले आणि बहिणीला म्हणाला, "ब्रेक घट्ट दाब, गिअर टाक, थोडी रेस दे." इंजिन एका बाजूने वर उचललं गेलं. त्याला खालून धरून ठेवणारं रबरी माउंटिंग फाटलेलं होतं. इंजिनासोबत वायर ताणली गेली, कारण ती एका प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेली होती. त्याने तिथे वायर ओढून पाहिली. वरचं आवरण रबरासारखं लांबलं. आतलं तांबं तुटलेलं होतं; सपाटीवर टोकं टेकत, चढावर ताण आला की सुटत.

पट्टी त्याचीच होती. झडप बदलताना, काम सुबक दिसावं म्हणून आवळलेली.

"ताई, ही माझी चूक."

"ते नंतर. आधी दुरुस्त कर."

त्याने नवी वायर सैल सोडून बसवली, माउंटिंग बदललं आणि तोच चढ पाच वेळा चढून पाहिला. तरी ती कामावर निघाली तेव्हा त्याला चैन पडेना. तासाभरात त्याने चार फोन केले.

पाचव्याला तिने उचलला. "चढले, उतरले, पुन्हा चढले. इथे एक बाळ यायचंय, फोन ठेव."

त्याने ठेवला आणि कालच्या बाळंतिणीच्या नवऱ्याचा पत्ता शोधायला लागला. माफी समोर जाऊनच मागायला हवी होती.