आवाज नसलेलं पाणी

लवू केळूसकर समुद्राला कधी भ्यायला नव्हता. तो भ्यायला सावंतवाडीच्या तळ्याला, आणि तेही भर दुपारी, गावच्या मधोमध.

साल अठ्ठावन्न. नारळी पौर्णिमेला चार दिवस उरले होते. लेक सत्यवती त्याला पहाटेच्या एस.टी.त घालून मालवणहून घेऊन आली होती. बेळगावचा एक डोळ्यांचा डॉक्टर दर गुरुवारी बाजारातल्या एका माडीवर बसत असे. त्याने लवूच्या दोन्ही डोळ्यांत औषधाचे थेंब घातले.

"आता चार वाजेपर्यंत नीट दिसणार नाही. मागचा पडदा बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही. काम काय करता?"

"मचव्यावर तांडेल आहे, साहेब," लवू शक्य तितक्या शुद्ध भाषेत म्हणाला.

"म्हणजे बोट चालवता?" डॉक्टरने वही बाजूला ठेवून पुन्हा त्याच्या डोळ्यांत पाहिलं. ते पाहणं लवूला आवडलं नाही.

माडीवर गर्दी फार. सत्यवतीने त्याला तळ्याकाठच्या बागेत आणून बाकावर बसवलं; तळ्याचं मात्र काही बोलली नाही. "बाबा, हंयच बसा. खंय जाव नकात. मी चा घेवन येतंय."

"मी काय पोर आसंय?"

"पोरापरीस वायट आसात," ती म्हणाली आणि गेली.

पावसाने उघडीप दिली होती. डोळ्यांत शिरणारा उजेड मिठासारखा झोंबत होता. झाडं म्हणजे हिरवे डाग, माणसं म्हणजे हलणारे डाग. समोर मात्र काहीच हलत नव्हतं. नुसता करडा, सपाट उजेड पसरला होता.

लवू अकराव्या वर्षी मचव्यावर चढला, तिसाव्या वर्षी सुकाणूवर बसला, आणि आता त्याला त्रेपन्न सरलं होतं. त्याच्या कानांची बंदरावर ख्याती होती. धुक्यात तो खलाशांना गप्प करायचा, मान कलती करायचा आणि सांगायचा, डावीकडे खडक आहे, उजवीकडे पुळण. खडकावर पाणी कसं फुटतं, वाळूवर कसं सुस्कारतं, खोल पाण्याचा आवाज कसा पोटातून येतो, हे सगळं त्याला ठाऊक होतं. जिथून काहीच ऐकू येत नाही तिथे जमीन, असा त्याचा हिशेब. तीन वर्षांमागे डोळे अधू व्हायला लागले तेव्हा तो म्हणूनच घाबरला नाही. कोणाला काही बोलला नाही. डोळ्यांचं काम त्याने कानांवर टाकलं, आणि ते निभलं.

फाल्गुनापर्यंत निभलं.

त्या संध्याकाळी वारा जमिनीवरून होता. खलाशी ज्याला म्हैस म्हणतात तो खडक मचव्याच्या समुद्राकडच्या अंगाला होता, त्याचा आवाज वाऱ्याने उलटा समुद्रात नेला. लवूला तो ऐकू आला तेव्हा मचव्याचं बूड खरवडत होतं. नऊ माणसं एका कुशीवर कोसळली. एक फळी गेली, पाणी आत आलं, भांड्यांनी उपसत कसेबसे काठाला लागले. काठावर पाय टेकल्याबरोबर, कोणी काही विचारायच्या आत, लवू जावयावर, सत्यवतीच्या नवऱ्यावर, ओरडला होता. नाळेवर, मचव्याच्या पुढच्या टोकाला, नजर ठेवायला गणपत बसला होता ना! "फुडे बसान झोप काढतंस? रांडेच्या, आठ जणांका मारतलंस!"

गणपत दोनदा ओरडला होता, "म्हैस! म्हैस!" लवूने ऐकलं होतं. पण त्याला खडक दिसला नव्हता, आणि न दिसलेल्या खडकासाठी सुकाणू फिरवायला त्याचा हात धजला नव्हता. बाकीच्यांनी कोलाहलात काय ऐकलं कोण जाणे. तांडेल म्हणाला म्हणजे तसंच झालं असणार.

बाकावर बसल्या बसल्या लवूच्या मनात आलं, डॉक्टर सांगायच्या आधी आपणच बघावं. नुसत्या कानांवर वीस पावलं चालून यावं. न धडपडता जमलं तर या मोसमापुरतं निभेल.

तो उठला. मान कलती केली. डावीकडे रस्ता, सायकलची घंटी, टांग्याची टापटाप. उजवीकडे कोणी बाई उकडलेल्या शेंगा विकत होती. समोर निवांत. समोर जमीन.

तो मोजत निघाला. गवत संपलं, पायाखाली दगड आला. फरसबंदी असेल. चौदा, पंधरा. एक पायरी उतरला. बागेत असतातच पायऱ्या. सोळा. दुसरी पायरी बुळबुळीत लागली. सतरावं पाऊल त्याने त्या सपाट करड्या उजेडावर ठेवलं, आणि ते कशावरच पडलं नाही.

गुडघा, मांडी, कंबर. पाणी थंड होतं आणि अजूनही बोलत नव्हतं. लाट नाही, ओढ नाही, वास नाही. किनारा कोणत्या बाजूला तेही त्याला कळेना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाण्यात उभं राहून त्याचे दात वाजू लागले. हात हवेत फिरत राहिले.

"अरे बाबा, खंय चललंस?" शेंगावाली ओरडली. "आंगोळ करूची आसा तर धोतर तरी सोड मरे!" मग तिला त्याचे हात दिसले. ती टोपली टाकून धावली आणि बंडी धरून त्याला मागे ओढलं. "तुका दिसणा नाय?"

चारचौघांत हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता.

"नाय," लवू म्हणाला. "दिसणा नाय."

सत्यवती चहाचा पेला घेऊन आली तेव्हा तो पायरीवर ठिबकत बसला होता. ती काही विचारायच्या आतच तो बोलू लागला. थांबलो तर पुन्हा बोलणं होणार नाही, हे त्याला कळत होतं.

"म्हशीर मचवो घातलो तो मी. गणपत आराडलो होतो. दोनदा. माका खडक दिसलो नाय."

तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. श्वास ऐकू येत होता.

"माझ्या घोवान मुंबैक कापडगिरणीत चिठी घातल्यान," ती म्हणाली. "म्हायत आसा तुमका? बंदरार पोरां 'झोपाळू' म्हणान हाक मारतत. पाच म्हयने तो माझ्यासमोर मान वर करून जेवाक नाय, बाबा. आनि तुमी ताटार बसान त्याका माशे वाढूक सांगत होतास."

"डाक्टर काय तां सांगांदे. सुकाणू मी धरूचंय नाय."

"तां माका नको सांगा. त्या सात जणांका सांगा. त्याच्यासमोर."

"नारळ सोडूच्या आदी सांगतलंय. सगळ्यांच्या फुडे."

पौर्णिमेला दर्याला नारळ तांडेल सोडतो. तेवीस वर्षं तो लवूच्या हातातून सुटला होता. आता वाळूत उभं राहून, आठ माणसांच्या नजरा अंगावर घेऊन बोलायचं होतं, आणि त्या नजरा दिसणारही नव्हत्या. पण गणपत एकदा मुंबईच्या बोटीत चढला की बोलायला कोणी उरणार नव्हतं.

"चिठयेचा उत्तर इला?" त्याने विचारलं.

"अजून नाय."

"मग आजच्या शेवटच्या एस.टी.न जावया. उद्यावर नको, उत्तर येवच्या आदी त्याका गाठूक होयो."

"पयलो डाक्टर," सत्यवती म्हणाली. तिने निवलेला चहा त्याच्या हातात दिला, त्याच्या धोतराचा सोगा पिळला आणि त्याचा दंड धरला. तिची पकड दुखण्याइतकी घट्ट होती. त्याने दंड सोडवला नाही.