चिंचेने घासलेला दगड

सलीम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सोमवारची पूजेची भांडी घासायला चिंच भिजवत होते. फोन त्यांच्या मुलीचा, नांदेडहून. "चाची, अब्बा गेले..." एवढंच बोलून ती रडू लागली. वाईट तर वाटलंच. पण खरं सांगते, आतून सुटल्यासारखंही वाटलं. महिनाभर आधी मी त्यांना भेटून आले नसते, तर एक काटा जन्मभर माझ्या गळ्यात राहिला असता.

सलीम सर आमच्या ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त. लातूरला आमच्या समोरच त्यांचं घर. लांबच्या एका प्रयोगशाळेत ते उल्केतल्या गंधकावर संशोधन करायचे. गंधकाचे अणू काही हलके, काही जड. ग्रह तापला की हलके आधी उडतात. मागे जड किती उरले ते मोजलं, की एकूण किती उडालं याचा अंदाज येतो. हे मला आज सांगता येतं. तेव्हा एवढंच कळायचं, की हा माणूस दगडांच्या नादात लग्नाचं वय घालवत बसलाय.

ते सुट्टीला आले आणि भूकंप झाला. त्यांच्या घराची भिंत फाटली, म्हणून त्यांचं सामान आमच्याकडे आलं. झोपायला आम्ही सगळे पत्र्याच्या शेडमध्ये. एका सोमवारी आवराआवर करताना त्या सामानात फडक्यात बांधलेला काळा गुळगुळीत दगड दिसला. आम्ही पडलो लिंगायत. असा शिवलिंगासारखा दगड दिसला की हात आधी कपाळाला जातो. वर धूळ होती. मी तांब्या-घंटीबरोबर तोही गरम चिंचेच्या पाण्यात टाकला आणि खसाखसा घासला. सडक्या अंड्यासारखा असा वास सुटला, की सासूबाईंनी मला अख्खी मोरी धुवायला लावली. दगड पुसून गुपचूप परत बांधला. दुसऱ्या दिवशी हे सहज म्हणाले, "त्या दगडाला हात लावू नको बरं. आकाशातून पडलेला हाय. सलीमचा जीव हाय त्याच्यात." मी 'बरं' म्हटलं आणि उरलेली चिंच गुपचूप बाहेर टाकून आले.

आणि सर परत गेलेच नाहीत. पडलेल्या गावांतली बारावीची पोरं शेडमध्ये होती, त्यांना केमिस्ट्री शिकवता शिकवता क्लास सुरू झाला. पुढे लातूरभर क्लासच क्लास झाले, चौकाचौकात पोरांच्या फोटोंचे फ्लेक्स लागले, सरांकडे बाहेरच्या जिल्ह्यांतून पोरं येऊ लागली. लोक कौतुक करायचे. मला वाटायचं, शास्त्रज्ञ व्हायचा माणूस माझ्या चिंचेने मास्तर केला. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्मा यायचा, तो मला गोड लागायचा नाही.

आजारी पडल्यावर ते मुलीकडे नांदेडला गेले. मी एसटीने गेले, स्टँडवर अर्धापूरची केळी घेतली, त्यांच्या पलंगाशी बसले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. सर खोकला येईपर्यंत हसले.

"भाभी, फडकं सोडलं तेव्हाच कळलं मला. खाचेत चिंचेची शीर अडकलेली."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मोजायला चिमूटभर लागतो, ती चिमूट तिकडं लॅबमध्येच होती. हा तर गल्लीतल्या पोरांना दाखवायला आणलेला उरलेला तुकडा."

"मग परत का नाही गेलात?"

"शेडमधल्या पोरांनी जाऊ दिलं न्हाई. आन् खरं सांगू, मलाबी जायचं नव्हतं... तीस वर्षं हे घेऊन बसलात? लई भोळ्या तुम्ही."

परतताना अहमदपूर कधी आलं, कधी गेलं, कळलं नाही. एसटीत मी गाढ झोपले होते.

परवा त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातेहाला गेले, तर एक डॉक्टर, त्यांचा जुना विद्यार्थी, पुढे येऊन म्हणाला, "तुम्हीच का चिंचेवाल्या भाभी?" दरवर्षी पहिल्या तासाला सर तो दगड पोरांच्या हातात देऊन माझी गोष्ट सांगायचे म्हणे. चिंचेने गंधक वास होऊन उडालं, तसं तापलेल्या ग्रहाचं उडतं! सगळ्या लातूरला माहीत होतं, फक्त मलाच नाही. मी लाजले, हसले, आणि मग त्या पोराचा हात धरून रडले.

निघताना मुलीने तो दगड माझ्या ओंजळीत ठेवला. "अब्बांनी तुम्हालाच द्यायला सांगितलंय."

आता तो आमच्या फडताळात असतो. सोमवारी भांडी घासून झाली की मी हात दोनदा धुते, कोरडे करते आणि त्याला नुसत्या फडक्याने पुसते. मग हळूच नाकाशी नेते. कसलाही वास येत नाही.