पहिल्या रांगेतल्या टाळ्या

गावच्या छोट्या वाहिनीचा हा कॅमेरामन जन्मभर फिती कापणाऱ्यांच्या मागे धावला. वाचनालयाचं उद्घाटन, कुत्र्यांचं प्रदर्शन, पोहण्याच्या शर्यती. जिथे चार खुर्च्या मांडल्या, तिथे स्वारी हजर. पंचाईत एकच, खुर्च्या भरायच्या नाहीत. आता टाळ्यांशिवाय कसली आलीय बातमी? म्हणून तो बायकोलाच सोबत न्यायचा. ती बापडी पहिल्या रांगेत बसून दहा जणांच्या टाळ्या एकटीने वाजवायची.

तो निवृत्त झाल्यावर वाहिनीने जुन्या टेपा संगणकावर चढवायला घेतल्या आणि दोघांना बघायला बोलावलं. काम करणारी मुलगी हसून हसून बेजार झाली होती.

"काका, जिथे तिथे काकू! पण एकदाही मंचाकडे बघत नाहीत. सरळ कॅमेऱ्यातच बघतात."

काकांचं जुनं दुखणं उफाळून आलं. "हजारदा सांगितलं हिला, कॅमेऱ्यात बघू नकोस, शॉट वाया जातो! पण पालथ्या घड्यावर पाणी!"

काकू पडद्यावरच्या तरुण स्वतःकडे बघत म्हणाल्या, "कॅमेऱ्यात कोण बघत होतं? मंचावर तीच ती भाषणं. बघण्यासारखं माणूस तर कॅमेऱ्यामागे उभं होतं."

काकांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग घसा खाकरून मुलीला म्हणाले, "ते कुत्र्यांचं प्रदर्शन पुन्हा लाव बघू. कुत्री वगळलीस तरी चालेल."