टांगा नाई, टँगो

पुलगावच्या नत्थूजींना कुणाच्या बरोबरीनं चालणं कधी जमलंच नाही. जन्मभर रेल्वेत कीमॅनची नोकरी. खांद्यावर हातोडा टाकायचा आणि रूळ घट्ट धरून ठेवणारी एखादी चावी ढिली झाली का ते बघत स्लीपरवरून स्लीपरवर पाय टाकत जायचं. रिटायर झाले तरी पावलाचं माप तेच राहिलं. भाजी आणायला निघाले तरी मुंबईच्या दिशेनं निघाल्यासारखे. त्यामुळे त्यांच्या पत्नी जयवंताबाई कायम मागं.

एकदा दोघं केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेले. नत्थूजींनी दर्शन घेतलं, घंटा वाजवली, प्रसाद खाल्ला आणि मग मागं वळून पाहिलं, तर बायको नाही. शोधत शोधत उलटे आले. बाई बसस्टॉपजवळ निवांत बांगड्या भरून घेत होत्या.

"कुठं हरवली होती वं तू?"

"मी तं इथंच हाय. हरवले तुमी," जयवंताबाई म्हणाल्या, आणि दुसरा हात पुढे केला.

गेल्या वर्षी मात्र जयवंताबाईंना कंपवात झाला. आधी हात थरथरायला लागला, मग पाय रुसायला लागले. चालता चालता दाराशी आल्या की पाय जमिनीनं धरून ठेवल्यासारखे व्हायचे. मन उंबरठ्यापलीकडे, पाय अलीकडेच. नत्थूजींना हे समजेना. "काऊन थांबली? चाल ना!" म्हणून एका सकाळी त्यांनी हात धरून ओढलं. बाई स्वयंपाकघराच्या दारातच पडल्या आणि मनगट मोडलं.

प्लास्टर निघेपर्यंत पोळ्या नत्थूजींनी केल्या. जयवंताबाई त्या पोळ्या एक शब्द न बोलता खात. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नत्थूजींना रोज वाटे.

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि व्यायामासाठी पौर्णिमाकडे पाठवलं. पौर्णिमा तिथं फिजिओथेरपिस्ट. पुण्याला शिकायला होती तेव्हा हौसेनं नाच शिकून आलेली. तिनं काकूंना उभं केलं, चालवलं, पाय अडकताना पाहिला आणि म्हणाली, "काका, तुम्ही दोघं दर गुरुवारी या. ताल मिळाला की अडकलेला पाय सुटतो. आपण टँगो करू."

"टांगा?" नत्थूजी चमकले. "आता टांगा कुठून आणाचा, पोरी? सारे ऑटो झाले."

"टांगा नाई काका, टँगो. नाच हाय."

नत्थूजींनी चपला शोधायला सुरुवात केली. पण जयवंताबाईंनी विचारलं, "कोणता नाच वं?" आणि पौर्णिमानं खुर्ची ओढली.

तिनं सांगितलं ते असं. अर्जेंटिनाच्या बंदरावर, शंभर-सव्वाशे वर्षांच्याही आधी, देशोदेशीचे लोक पोटासाठी उतरले. कोणी इटलीचा, कोणी स्पेनचा. ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले, ते लोक तिथं आधीपासून होते, त्यांचे ढोल होते. सगळ्यांचं मिळून हे निघालं. पुरुष उदंड, बाया थोड्या. बाईसमोर फजिती नको म्हणून पुरुष पुरुषांसोबतच सराव करायचे. गावातले बडे लोक नाक मुरडायचे. मग तोच नाच पॅरिसला गेला, तिथल्या साहेबलोकांनी डोक्यावर घेतला, आणि मग घरच्या बड्यांनाही तो एकदम सभ्य वाटायला लागला.

"आपल्यासारखंच हाय," नत्थूजी म्हणाले. "पोरगं पुण्याहून आल्याबिगर हुशार होत नाई."

"माह्याबद्दल बोलून राह्यले का काका?" पौर्णिमानं विचारलं, आणि नत्थूजींचं चपला शोधणं राहून गेलं.

नाच म्हणजे नुसतं चालणं, हे कळल्यावर त्यांना धीर आला. चालण्यात त्यांचा हात कोण धरणार? पण पौर्णिमानं हातच धरायला लावला. एक हात बायकोच्या हातात, दुसरा तिच्या पाठीवर, छातीसमोर छाती. बाकीचे पेशंट बघत होते. नत्थूजींनी छताच्या पंख्याकडे पाहत बायकोला धरलं.

"आता ओढायचं नाई, ढकलायचं नाई. काकूंचा भार एका पायावर आला, हे तुम्हाला कळलं पाह्यजे. मगच पुढचं पाऊल."

गाणं लागलं आणि नत्थूजी निघाले. पहिल्याच ढांगेत जयवंताबाईंच्या पायावर पाय.

"काका, मागून गाडी येऊन राह्यली का?" पौर्णिमानं विचारलं. सगळे हसले. जयवंताबाई सगळ्यात जास्त.

नत्थूजींना हे लागलं. त्यांनी चिंधूजींना गाठलं. चिंधूजी त्यांचे रेल्वेच्या गँगमधले जुने सोबती, भीमगीतांच्या मंडळात पेटी वाजवणारे. बैल विकल्यापासून त्यांचा गोठा रिकामा होता. दुपारी दोघं तिथं शिरले, मोबाईलवर गाणं लावलं आणि नत्थूजींनी चिंधूजींना जयवंताबाईंच्या जागी उभं केलं.

"हे तं पेटीचंच भावंड वाजून राह्यलं," चिंधूजी खूश झाले. "पण मी काऊन जयवंतावहिनी?"

"तिकडं बंदरावर असंच शिकत. इतिहास हाय तो."

"मंग तू हो वहिनी."

नत्थूजी झाले. तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळलं, की समोरच्यानं आपली वाट न बघता पाऊल टाकलं तर कसं वाटतं. चिंधूजींनी रेटा दिला, नत्थूजी गव्हाणीवर आदळले.

"काय बे, मुडदा पाडतो का?"

"वहिनीले असंच होत असंन ना?" चिंधूजी म्हणाले.

 नत्थूजी गुडघा चोळत गव्हाणीवर बसले. मग उठून म्हणाले, "चाल, पुन्हा." त्यानंतर रोज दुपारी दोघं म्हातारे एकमेकांना धरून गोठ्यात फिरत राहिले. हळूहळू चिंधूजींचा भार कोणत्या पायावर आहे, ते नत्थूजींना खाली न बघता कळायला लागलं.

एका दुपारी चिंधूजींच्या घरच्या शकुंतलाबाई जयवंताबाईंना घेऊन गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या. आत दोघं डोळे मिटून, गालाला गाल लावून.

"बाप्पा!" शकुंतलाबाई म्हणाल्या.

नत्थूजींनी चिंधूजींना असं सोडलं, की ते पडता पडता वाचले. जयवंताबाई हसत सुटल्या. हसता हसता खांबाला टेकल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "व्हा बाजूले चिंधूभाऊ. आता माह्या नंबर."

पण दारातच पाय अडकला. शकुंतलाबाई हात द्यायला निघाल्या. "थांबा वहिनी," नत्थूजी म्हणाले. ते स्वतः गेले, शिकवल्याप्रमाणे बायकोला धरलं आणि जागेवरच डुलले. या पायावर, त्या पायावर. घाई केली नाही. एका क्षणी बाईंचा डावा पाय हलका झाल्याचं त्यांच्या हाताला कळलं. ते मागं सरकले. पाय उचलला गेला आणि जयवंताबाई आत आल्या.

आजार जात नाही, हे पौर्णिमानं आधीच सांगितलं होतं. काही दिवस पाय ऐकतात, काही दिवस ऐकत नाहीत. घरात दार आलं की नत्थूजी पुढे होऊन उभे राहतात. शेजारच्या खिडकीतून कोणी बघत असेल तर त्यांचे कान लाल होतात, पण हात सुटत नाहीत.

यंदा आष्टीला भाच्याच्या लग्नात मंडपाच्या कमानीतच जयवंताबाई थांबल्या. मागं वऱ्हाडी खोळंबले. नत्थूजींनी त्यांना धरलं आणि डुलायला लागले. बँडवाल्याला वाटलं, म्हातारा रंगात आला. त्यानं धडाक्यात वाजवायला सुरुवात केली.

"हळू वाजव ना बे!" नत्थूजी ओरडले.

बँड हळू झाला. त्या चालीवर दोघं कमान ओलांडून आत आले, खुर्च्यांच्या मधून बरेच पुढे गेले. जमलेल्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या.

"कमान कवाचीच गेली," जयवंताबाई हळूच म्हणाल्या. "सोडा आता. लोक पाहून राह्यले."

"थांब वं," नत्थूजी म्हणाले. "गाणं तं संपू दे."

तोवर पहिली पंगत भरली. दुसऱ्या पंगतीपर्यंत वांग्याची भाजी संपली आणि नुसत्या वरणभातावर भागवावं लागलं. त्याबद्दल जयवंताबाई पुलगाव येईपर्यंत बोलत होत्या.