राखणदारांच्या रकान्यातलं शून्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझ्या लपवलेल्या तंबाखूच्या पुड्यासुद्धा सापडतात. तुम्हाला सांगतोय, कारण आता लपवायचाही कंटाळा आलाय.

बीटी कपाशी आमच्याकडे शिवारभर झाली, तेव्हाची गोष्ट. बोंडअळी दबली होती, पण मावा-तुडतुडे वाढले आणि लोकांच्या पाठीवरचा फवारणीचा पंप काही उतरेना. म्हणून पिंपळगाव राजाच्या आसपासच्या गावांत कपाशीवरचे किडे मोजायला कृषी खात्यानं माणसं नेमली. त्यांत मी.

शेतात तिरपं चालायचं. वीस झाडं बघायची. प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं पान उलटायचं. नोंदवहीत दोन रकाने — पिकाचे शत्रू आणि पिकाचे मित्र. मित्र म्हणजे ढालकिडे, कोळी, असे शत्रूला खाणारे. दोन्ही आकडे बघून आठवड्याला सल्ला निघायचा, फवारा किंवा थांबा, आणि तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायचा.

एवढंच काम. मग का नाही केलं? ऊन होतं म्हणू? चिखल म्हणू? आळस होता — दुसरं काही नाही. पंधरा दिवस चाललो. नंतर गावाबाहेरच्या निंबाखाली बसूनच वही भरू लागलो. शत्रूंचे आकडे मागच्या आठवड्यापेक्षा थोडे चढवायचे. मित्र मोजणं जिकिरीचं — ते उडतात, पानाआड पळतात. तिथे मी सरळ शून्य टाकायचो. शून्याला काय लागतं?

माझ्या यादीत यमुनाबाईंचं तीन एकर होतं. बाई एकटी, साठीच्या पुढची. सुरुवातीला मी गावाला किडे ओळखायला शिकवले, तेव्हा सगळ्यात लवकर तीच शिकली. लाल पाठीच्या ढालकिड्यांना ती ‘राखणदार’ म्हणायची. रोज सकाळी पानं उलटून त्यांना बघून यायची. मी जे काम सोडलं होतं, ते ती फुकट करत होती.

फळ्यावर ‘फवारा’ लागलं, त्या दिवशी ती मला शोधत आली.

“भाऊ, राखणदार तं मले रोज दिसून राह्यले. पानोपानी हायेत. मंग फवारू काऊन?”

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं? चला, दोघं मिळून मोजू — एवढंच. पण मोजलं असतं तर माझी वही खोटी पडली असती. मी वही उघडली. शून्यावर बोट ठेवलं. म्हणालो, मी मोजलंय यमुनाबाई, तुम्हाला भास होत असेल.

भास. हा शब्द माझाच.

तिनं वाकून ते शून्य बघितलं. “तुमी मोजलं, मंग खरंच असंल,” म्हणाली, आणि गेली.

तिनं फवारलं. चार दिवसांनी मी तिच्या शेतात शिरलो — महिन्याभरात पहिल्यांदा. सऱ्यांमध्ये ढालकिडे उलटे पडले होते. मोजता येतील इतके स्वच्छ दिसत होते. मी मोजले नाहीत. पुढे मावा दुप्पट जोरानं आला, मग दुसरी फवारणी, मग तिसरी. पानं चिकट आणि काळी झाली. त्या वर्षी तिच्या घरात जो कापूस आला, तो एका खोलीच्या कोपऱ्यातच मावला. माझ्या वहीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. चुका होत्या कुठे तिच्यात?

दिवाळीनंतर यमुनाबाई मला खामगावच्या स्टँडवर भेटली. हातात दवाखान्याचा कागद.

“डोळे दाखवाले आल्ती, भाऊ. तुमी म्हणे ना, भास होते. पन डाक्टर म्हणे, नजर चांगली हाय.” ती कसनुसं हसली. “मंग मले ते राखणदार दिसे कसे?”

वयानं होतं असं, मी म्हणालो. आणि एसटीत चढलो.