बाबांनी विचारलेला अर्थ

मी निघाले त्या दिवशी टॅक्सी खाली उभी होती आणि बाबा मला पासपोर्ट कुठे ठेवायचा ते सांगत होते. पासपोर्टवरून गेले कोर्टातल्या एका साक्षीदारावर, साक्षीदारावरून त्याच्या मावशीच्या भातशेतीवर, आणि ती शेती म्हणे माजिवड्याला, आता पूल आहे तिथे. आई ओरडली, "अहो, मुद्द्याचं बोला, पोरीचं विमान जाईल!" पासपोर्टचं राहूनच गेलं.

बाबा ठाण्याच्या कोर्टात स्टेनो होते. नोकरीभर दुसऱ्यांचं बोलणं मुकाट उतरवून घेतलं, घरी आले की स्वतःचं सुरू. मी इंग्लंडात लीड्सला आल्यावरही रविवारचा फोन तासभर चालायचा. टेंभी नाक्याच्या मंडपावरून ते कुठल्या कुठे जायचे आणि मी इकडे भांडी घासत नुसतं हं हं करायचे. तुमच्यापैकी जे बाहेर पडले, त्यांना हे हं हं चांगलंच माहीत असेल.

गेल्या वर्षी एका रविवारी ऑफिसातले चौघे जेवायला आलेले. बाबा व्हिडिओवर. नुसतं हॅलो म्हणायचं, तर त्यांनी आपल्या कोर्टातल्या इंग्रजीत कुणा वकिलाच्या हरवलेल्या छत्रीची गोष्ट लावली. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हसत पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाले, "ही डायव्हगेट्स, यू नो." मुद्दाम असला अडनिडा शब्द, बाबांना कळू नये म्हणून.

पण शब्द टिपायची त्यांना आयुष्यभराची सवय. मराठीत विचारलं, "नवीन आहे गं हा. अर्थ काय?"

विषय सोडून भरकटणं, एवढंच सांगायचं होतं. जीभच रेटेना. "रंगवून सांगणं, बाबा. कौतुकाने म्हणतात."

"वा!" म्हणाले.

पुढच्या रविवारी फोन सहा मिनिटांत आटोपला. त्याच्या पुढच्या, चार. तब्येत, पाणी, लिफ्टची दुरुस्ती, ठेवतो. एकदा शेजारच्यांच्या लग्नाचं सांगता सांगता मध्येच थांबले. "असो. मी डायव्हगेट करतोय." शब्द अगदी बरोबर जागी वापरला होता. माझे कान तापले.

कित्येक महिने धीर झाला नाही. परवा एकदाचं बोलले, "बाबा, त्या शब्दाचा अर्थ मी खोटा सांगितला होता."

"अगं, त्याच संध्याकाळी डिक्शनरी काढली मी. पण चार लोकांत गोड अर्थ सांगून तू बापाला सांभाळून घेतलंस ना, ते फार आवडलं मला. कट्ट्यावर सगळ्यांना सांगितलं."

मी त्यांना नव्हतं सांभाळलं, स्वतःला सांभाळलं होतं. "पूर्वीसारखं बोला ना," एवढंच मी म्हणाले. तर म्हणतात, "तुला कामं असतात गं."

इथे कुणी विचारलं की मी सांगते, घर ठाण्याला. तिथे एक माणूस माझ्या लबाडीला माया समजून गावभर कौतुक करतोय. पुढच्या महिन्यात जाणार आहे. आई दार उघडेल, मागे बाबा उभे असतील, आणि त्यांच्याकडे बघायचं कसं, ते मला कळत नाही.